मुंजाला हात लावणारी

सेमिनरी हिल्सच्या उतारावर सर्वेक्षणाचं एक सरकारी ऑफिस होतं, आणि त्या ऑफिसात सगळ्यात जास्त गर्दी कॉम्प्युटरच्या खोलीत. कामासाठी नव्हे हो! नागपूरचा मे महिना, आणि अख्ख्या इमारतीत एअरकंडिशनर तेवढा त्या एका खोलीत. टपालवाले, नकाशेवाले, सगळे "जरा मशीन पाहून येतो" म्हणून यायचे आणि तासभर मशीन पाहायचे.

या खोलीची धनीण प्रमोदिनी खोब्रागडे. वय बत्तीस, लग्न नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुमचं पुढे लक्ष लागायचं नाही. वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर, मुलगी गणितात एम.एस्सी. जरीपटक्याहून सायकलीनं यायची, आणि यायची ती घाईनं. घाई कशाची, ते ऑफिसातल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. टपालाची!

आता टपालाचं सांगायचं तर आधी मुंजाचं सांगावं लागेल. ऑफिसच्या गच्चीवर एक अँटेना होता. उपग्रह डोक्यावरून जाताना त्याची शीळ तो ऐकायचा. गाडी जवळ येते तशी शिटी चढते, दूर जाते तशी उतरते, उपग्रहाचंही तेच. त्या उतरत्या शिळेवरून आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठं उभे आहोत ते काढता येतं. हे गणित करणारा प्रोग्रॅम मशीनमध्ये आठही प्रहर गप बसून असायचा. उपग्रह आला की जागा व्हायचा, गणित मांडायचा, पुन्हा गप. पिंपळावर बसल्यासारखा. म्हणून त्याचं नाव मुंजा.

मुंजाला मालक नव्हता. देशभरात सात ऑफिसांत तोच एक चालायचा. ज्याला चूक सापडेल त्यानं ती दुरुस्त करायची आणि बदललेली कार्डं बाकीच्या सहा जणांना फुकट धाडायची. एका ओळीला एक भोकं पाडलेलं कार्ड, असा दोन हजार कार्डांचा गठ्ठा. गठ्ठा हातातून पडला तर क्रम लावता यावा म्हणून कडेवरून पेन्सिलीची तिरपी रेष आखलेली. सात सुनांनी चालवलेला स्वयंपाक कसा असेल, तसा तो प्रोग्रॅम. मीठ चार ठिकाणी, झाकण एकालाही नाही.

प्रमोदिनी नोकरीत नवी होती तेव्हा, एकोणऐंशी साली, त्या गठ्ठ्यात तिला एक कार्ड सापडलं. कार्डाच्या पहिल्या खान्यात 'सी' असला की मशीन ते सोडून देतं. ते माणसांनी माणसांसाठी लिहिलेलं. अक्षरं इंग्रजी, कारण मशीनला देवनागरी येत नव्हती, पण भाषा चक्क आपली: "काहून चालून राहिलं मले ठाऊक नाही. हात लावू नका. ता. गेडाम, शिलाँग."

प्रमोदिनी हसली. मग तिनं हात लावला. पाच कार्डांचं काम दोन कार्डांत केलं, खाली आपलं कार्ड घातलं, "हात लावला. आता बरं चालून राहिलं. प्र." आणि दिलं धाडून.

पंधरा दिवसांनी शिलाँगहून दुरुस्ती आली. तीत एक कार्ड जास्तीचं: "नागपूरचे हात दिसतात. मी आर्वीचा."

झालं! पाच वर्षं हे चाललं. एका कार्डावर बहात्तर खाने, त्यात काय मावेल तेवढं. "इथं पाऊस हटून नाही राहिला. मुंजा बरा, मी नाही." यावर इकडून, "इथं ऊन. मुंजाले एसी आहे, मले सायकल." एकदा नुसतंच, "तर्री-पोहे." बस्स, पुढे काही नाही. त्या दिवशी प्रमोदिनीनं कॅन्टीनमधले पोहे अर्धेच खाल्ले.

शेजारी पंचिंगला बसणारी वच्छला हे सगळं वाचायची. वाचणारच, दुसऱ्याचं कार्ड वाचण्यात जी गोडी आहे ती स्वतःच्या पत्रात नाही.

"काहून वं, त्याचं लग्न झालं का नाही, हे तर विचार!"

"कोणत्या गणिताच्या खाली विचारू?"

"वर्गमुळाच्या खाली विचार. पण विचार!"

विचारलं नाही. प्रमोदिनीला मुंजातली कुठलीही ओळ खोडायला भीती वाटत नसे, पण तेवढं एक कार्ड पंच करायला हात उचलला नाही.

आणि इथंच गंमत झाली. दोघं मिळून प्रोग्रॅम इतका सुधारत गेले की चुका संपत आल्या. चूक नाही तर दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही तर टपाल नाही. चौऱ्याऐंशी साली मार्चमध्ये एक कार्ड आलं, ते शेवटचं. प्रमोदिनी तरीही सायकल जोरात मारत यायची.

ऑक्टोबरात साहेबांनी, म्हणजे मनोहररावांनी, तिला बोलावलं. दिल्लीहून तपासणी यायची होती.

"प्रमोदिनीबाई, हा सरकारी प्रोग्रॅम आहे का नळावरच्या बायांची पंचायत? कोणी पोहे लिहून राहिलं, कोणी पाऊस लिहून राहिलं! सगळं साफ करा. एकही गप्पांचं कार्ड दिसलं नाही पाहिजे."

तिनं दोन महिने मान वर केली नाही. एकच गणित चार जागी लिहिलेलं होतं, ते एका जागी आणलं. ज्या भागाला प्रोग्रॅमातून कोणी हाक मारत नव्हतं तो काढून टाकला. दोन हजारांची साडेबाराशे कार्डं झाली. गप्पांची एकशे त्रेचाळीस निघाली. ती रबर लावून तिच्या डब्याच्या पिशवीतून घरी गेली.

आणि साफसफाईत ताराचंद गेडामच्या एक्क्याऐंशी सालच्या भागात एक चूक उघडी पडली. त्यानं वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट धरले होते. चौऱ्याऐंशी लीप वर्ष. म्हणजे एकतीस डिसेंबरला, तीनशे सहासष्टाव्या दिवशी, मुंजा जागाच होणार नव्हता. सातही ठिकाणी. आणि मग शिलाँगहून कार्ड येणार, हे सूर्य उगवण्याइतकं नक्की होतं.

दोन दिवस ती ते कार्ड समोर ठेवून बसली.

"राहू दे ना वं," वच्छला म्हणाली. "चूक त्याची, निस्तरू दे त्याले. तुझं काय जाते?"

"बस्तरच्या जंगलात आपली मोजणीची पार्टी आहे. बॅटऱ्या खांद्यावर घेऊन टेकडी चढतील आणि इकडं त्या शिळेचं गणित मांडणारं कोणी नसेल."

"एक दिवस तर आहे!"

"एक दिवसच तर आहे," प्रमोदिनी म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं तीन कार्डं पंच केली. सहा पाकिटं टपालात पडली. हुकुमाप्रमाणे आत एकही गप्पांचं कार्ड नव्हतं.

एकतीस डिसेंबर उजाडला. मुंजा वेळेवर जागा झाला, बस्तरच्या टेकडीचं ठिकाण बिनचूक निघालं. मनोहररावांनी चहा सांगितला. सातही ऑफिसांत काहीच घडलं नाही, त्यामुळे कोणी काहीच लिहिलं नाही. संक्रांत गेली. वच्छलानंही चिडवणं सोडलं, यावरून काय ते समजा.

जानेवारी संपता संपता शिलाँगचं पाकीट आलं. आत एकच कार्ड. तिथल्या मशीनची रिबन सुकली असावी, अक्षरं उमटलीच नव्हती, नुसती भोकं. प्रमोदिनीनं ते खिडकीशी उजेडात धरलं आणि एकेक भोक मोजत वाचलं. एका ओळीला किती वेळ लावावा माणसानं!

"काय म्हणते वं?" वच्छलाला कुठला धीर.

प्रमोदिनीनं वाचून दाखवलं: "हात लावायले जागाच नाही ठेवली वं."

वच्छला हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर प्रमोदिनीनं साडेबाराशे कार्डांचा नवा गठ्ठा उघडला. लीप वर्षाच्या तीन कार्डांखाली शिलाँगचं ते चौथं सरकवलं. गठ्ठा ठोकून सारखा केला. पेन्सिलीची तिरपी रेष आता एका जागी तुटली होती, एका कार्डाच्या जाडीएवढी पांढरी. पेन्सिल टेबलावरच होती. तिनं रेष जुळवली नाही.