वेणूबाईंचा गुडघा

धारवाडच्या मालमड्डीत वेणूबाई कुणाला भेटल्या की चौकशी त्यांच्या गुडघ्यापासून सुरू व्हायची. मुलाचा विषय काढायची कुणाची छाती होत नव्हती, म्हणून लोक बिचारे गुडघ्याला धरून बसत. "दुखतं का हो अजून?" "नाही," वेणूबाई म्हणत. आणि ते खोटं नव्हतं. गुडघाच काय, त्या बाईंचं वर्षभर काहीच दुखलं नव्हतं.

२००२ सालच्या पौषातली गोष्ट. हुबळीला कमरीपेठेत नात्यातलं बारसं होतं. ते उरकून मायलेक स्कूटरवरून धारवाडला परतत होते. श्रीहर्ष चोवीस वर्षांचा, त्यांचा एकुलता एक. रायापूरपाशी समोरून आलेल्या लॉरीनं स्कूटरला उडवलं. श्रीहर्ष जागच्या जागी गेला. वेणूबाईंच्या डाव्या गुडघ्याचे आतले बंध तुटले. नवऱ्यानं, बाळाचार्यांनी, मुलाला अग्नी दिला तेव्हा त्या हुबळीच्या दवाखान्यात पाय लाकडासारखा सरळ ठेवून छताकडे बघत पडल्या होत्या. मुलाचं तोंडही त्यांना पाहायला मिळालं नाही. रडू येईल म्हणून त्यांनी काही दिवस वाट पाहिली. ते आलं नाही.

पुढे हुबळीतल्याच कोप्पीकर रोडवरच्या डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा दिला. जाड रबरी कापडाचा, दोन्ही अंगांना बिजागरीच्या लोखंडी पट्ट्या, वाटीसाठी समोर गोल भोक. "निधान, अम्मा, जपून," डॉक्टर म्हणाले. "हा पाय वाकू देईल, पण गुडघा आडवा सरकू देणार नाही. लक्षात ठेवा, हा आहे तोवरच तो स्थिर. पट्ट्यानं गुडघा बरा होत नसतो. मांडी बळकट करा, रोज व्यायाम करा, तीन महिन्यांनी दाखवा."

व्यायाम झाला नाही. त्यासाठी माणसाला बरं व्हावंसं वाटावं लागतं, आणि वेणूबाईंना कसलंच काही वाटत नव्हतं. तीन महिन्यांनी दाखवायलाही त्या गेल्या नाहीत, कारण हुबळीची बस रायापूरवरून जाते. पट्टा तेवढा सकाळी उठल्याबरोबर चढायचा आणि निजताना उतरायचा. तो बांधून त्या बाजारात जाऊ लागल्या, पायऱ्या चढू लागल्या. दहा महिन्यांत सगळ्यांनी ठरवून टाकलं की गुडघा सुधारला. राबत होता पट्टा, आणि शाबासकी मिळत होती गुडघ्याला. दुसऱ्यांचं सोडा, खुद्द वेणूबाईंनाही तसंच वाटू लागलं.

मग वर्षश्राद्ध आलं. बापानं मुलाचं श्राद्ध करायचं, यासारखा उफराटा प्रकार नाही. पण आला प्रसंग करावाच लागतो. शेजारच्या अंबूताई म्हणाल्या, "अक्का, स्वयंपाकाला मी येते." वेणूबाई म्हणाल्या, "मीच करणार." वर्षभरात त्यांनी कशासाठी हट्ट धरला असेल तर तो एवढाच. मुलाला शेवटचं पाणीसुद्धा त्यांच्या हातून गेलं नव्हतं. हे एक पान तरी आईच्या हातचं त्याच्या नावानं वाढलं जावं.

आडवा आला तो पट्टा. बाळाचार्य शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे मास्तर, आणि मडीला, म्हणजे सोवळ्याला, असे कडक की गॅसचा सिलिंडरसुद्धा पाणी शिंपडल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचा नाही. रोजच्या स्वयंपाकाला त्यांनी पट्ट्याकडे काणाडोळा केला होता. पण श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यातला. "शिवलेलं आहे, त्यात रबर. मडीत चालत नाही," ते म्हणाले. "आणि आता गुडघा बरा आहे की तुझा."

"बरा आहे," वेणूबाई म्हणाल्या. मडीत वाळलेल्या पंचाची पट्टी फाडून त्यांनी गुडघ्याला करकचून आवळली. घट्ट वाटलं. पण घट्ट बांधणं वेगळं आणि आधार देणं वेगळं. पंचाला काही बिजागरी नसते.

अकरापर्यंत सगळं सुरळीत झालं. वडे झाले, भाजी, आमटी, कोशिंबीर झाली. बाहेर दोन ब्राह्मण पाटांवर येऊन बसले. वेणूबाईंनी कट्ट्यावरून खिरीचं पातेलं उचललं आणि देवाकडे वळल्या. चालण्यानं काही बिघडलं नव्हतं, वळण्यानं घात केला. पाऊल जागेवर राहिलं, अंग फिरलं, आणि गुडघा आतल्या बाजूला निसटला. पातेलं पुढं गेलं, वेणूबाई मागं बसल्या. खीर मोरीपर्यंत वाहत गेली.

आवाज ऐकून अंबूताई उंबऱ्याशी आल्या. "उठू नका अक्का. मी न्हाऊन मडीतच आहे, मी करते."

"नको," वेणूबाई म्हणाल्या. त्या उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. तिसऱ्यांदा कट्ट्याला धरून उठू लागल्या, तेव्हा बाळाचार्य दारात उभे होते. त्यांनी खिरीकडे पाहिलं. मग बायकोच्या पायाकडे पाहिलं, बहुधा वर्षात पहिल्यांदाच. ते आत वळले. न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि ते परतले ते डोक्यापासून निथळत. हातात पट्टा, तोही निथळत.

"शिवलेलं आहे," वेणूबाई म्हणाल्या.

"असू दे. धुतलंय," ते म्हणाले आणि खिरीतच खाली बसले. पंचाची पट्टी सोडून त्यांनी पट्टा गुंडाळला. शास्त्रातला शब्द न् शब्द पाठ असलेल्या माणसाला रुंद बाजू वर की खाली हे माहीत नव्हतं. भोक वाटीवर येण्याऐवजी भलतीकडेच गेलं.

"उलटा आहे," वेणूबाई म्हणाल्या. "रुंद बाजू मांडीकडे. बिजागरी बरोबर दोन्ही अंगांना."

त्यांनी सोडला, फिरवला, पुन्हा लावला. "घट्ट झाला?"

"अजून."

त्यांनी ओढला. ओल्या कापडातून पाणी ओघळलं. ज्या हातांनी त्या दिवशी एकट्यानं मुलाला अग्नी दिला होता, ते आता पट्ट्याची टोकं जुळवत होते. मान वर न करता बाळाचार्यांनी विचारलं, "दुखतं का गं?"

वेणूबाईंच्या तोंडात नेहमीचं "नाही" तयार होतं. पण ते बाहेर आलं नाही.

"दुखतंय हो," त्या म्हणाल्या. "फार दुखतंय." आणि नवऱ्याच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकून, बाहेर ब्राह्मण खोळंबले असताना, त्या मोठ्यानं रडल्या.

मग कट्ट्याला धरून उठल्या. गुडघा जागेवर राहिला. त्यांनी हात धुतले आणि खिरीसाठी दूध पुन्हा चढवलं.