माझ्या मयताचं दूध

मी मेलो त्या दिवशी ऊन फार होतं.

तसा मी बरा होतो. सकाळी तीन भाकरी खाल्ल्या होत्या. पण बाराच्या सुमाराला मला मरणं भाग होतं, कारण सोलापुरात माझी बायको बाळंत झाली होती आणि तिथं जायचा दुसरा रस्ता उरला नव्हता.

आमची वस्ती निजामाच्या मुलखात. समोर ओढा, ओढ्यापलीकडं इंग्रजी मुलूख, आणि पुढं त्याच वाटेनं सोलापूर. गिरण्या तिथं, गोठे इथं. आमच्या पन्नास उंबऱ्यांच्या दुधावर त्या शहराचा चहा चालायचा. (शहरातली माणसं आम्हाला ‘पलीकडचे’ म्हणून नाक मुरडायची, पण चहा पिऊन!) मग दोन सरकारांत काहीतरी बिनसलं, ओढ्यावरचा नाका बंद झाला, आणि आठवडाभरात सोलापुरात काळा चहा सुरू झाला.

मी मेलो त्याच्या आदल्या दिवशी सासरे पलीकडच्या काठावर येऊन हात उंचावून ओरडले, “पोरगा झालाय! पारूला दूध पुरंना! अख्ख्या गावात थेंब न्हाय!”

एवढं बोलतायत तोवर शिपायांनी त्यांना हाकललं. माझ्या घशाखाली घास उतरेना. मी चार म्हशींचा मालक आणि माझंच पोर दुधावाचून रडतंय! (त्या सकाळच्या तीन भाकऱ्या सोडल्यास मी काहीच खाल्लं नव्हतं.)

“नाक्यावरनं फक्त मयत सोडत्यात,” शिवप्पाकाका म्हणाले. आमची दफनभूमी आजोबांच्या आधीपासून ओढ्यापलीकडं होती. मुलखांची रेघ मारणाऱ्यांनी मेलेल्यांना विचारलं नव्हतं.

“पण मेलंय कोण?” मी विचारलं.

काका, आत्या आणि वस्तीचे नेहमीचे चौघे खांदेकरी माझ्याकडं बघत राहिले.

आम्हा लिंगायतांत मयताला आडवं नेत नाहीत. मखरात बसवून नेतात आणि खड्ड्यातही बसवूनच पुरतात. त्यामुळं मला नुसतं बसायचं होतं. बसण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. काकांनी कपाळभर भस्म फासलं, गळ्यात हार घातला आणि दुधाची घागर बसायच्या चौरंगाखाली कापडाआड ठेवली. अंत्यविधी करणाऱ्या आमच्या स्वामींना यात घ्यायचं नाही असं ठरलं होतं. ते खोटं बोलत नसत आणि आम्हाला त्यांच्यासमोर बोलता आलं नसतं.

“आत्या, जरा रडा,” काका म्हणाले.

इथं घोटाळ्याला सुरुवात झाली. आमची गंगूआत्या रडण्यात पटाईत होती. तिला तीन-तीन गावांतून बोलावणं यायचं. तिनं पहिला सूर लावला, “मल्लूऽऽ, लेकराचं त्वांड न बघता कसा रं गेलास!” आणि माझ्याच अंगावर काटा आला. दुसऱ्या सुराला खांदेकरी हुंदके देऊ लागले. तिसऱ्या सुराला काकांनी डोळे पुसले आणि माझी नाडी हळूच तपासली.

मखर उचललं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घरांची दारं लागलेली, पानही हलत नव्हतं. एक घंटा तेवढी वाजत होती, आणि ती माझ्यासाठी होती. मी पापण्यांच्या फटीतून बघितलं. माझाच कुत्रा, मोत्या, वाटेत उभा होता. रोज माझ्या अंगावर झेपावणारा तो प्राणी माझ्याकडं टक लावून बघत एक-एक पाऊल मागं सरला. मग त्यानं मान वर करून असा काही सूर धरला की आत्यानंही मध्ये थांबून ऐकून घेतला. कुत्र्याला कुणी कटात घेतलं नव्हतं. मला पहिल्यांदाच शंका आली.

नाक्यावर नाकेदार साहेब बाहेर आले. भला माणूस. पाच वर्षं माझंच दूध पीत होते.

“या अल्ला! मल्लू?” त्यांचा आवाज फाटला. “कल तो अच्छा था ना रे!”

“व्हय साहेब, बसल्याजागी गेला,” काका म्हणाले. (हे अगदीच खोटं नव्हतं.)

तेवढ्यात शिपायानं चौरंगाखालचं कापड उचललं. “साब, दूध है! दूध ले जाना मना है!”

माझं काळीज थांबलं. मयताला ते शोभलंही. पण आत्या कुठली हार खाते!

“मयताच्या न्हाणाचं दूध हाय साहेब! शेवटची आंघुळ! आमच्यात तसंच असतंय!”

आमच्यात तसं काही नसतं. पण साहेबांनी डोळ्याला रुमाल लावला. “तो फिर तुम्हारा दस्तूर पूरा होना. चलो, मैं बी आताऊं. पाच साल इसके हात का दूध पिया मैं.”

ही पंचाईत कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ओढा ओलांडला की मी उठून पळायचं, असा बेत होता. आता साहेब मखराला खांदा देऊन चालत होते, आणि मागं शिपाई!

नाका बंद झाल्यापासून दफनभूमीत पुढच्या मयतासाठी एक खड्डा खणलेलाच असायचा, तो माझ्यासाठी नव्हता. पण साहेबांच्या देखत मला त्यात उतरवावंच लागलं. आत गारवा होता. वर चौकोनी आभाळ, आणि त्याच्या कडेला सात-आठ तोंडं रडतायत. भिंतीतून एक मूळ बाहेर आलं होतं, ते मानेला लागलं. मला आठवलं की आमचे आजोबा इथंच बसवलेत, या मातीच्या पलीकडं, दोन हातांवर. वीस वर्षं झाली, बसलेत. मग मला स्पष्ट वाटलं, भिंतीपलीकडं कुणीतरी अंग सावरून जागा करून देतंय. खरं सांगतो, मी भ्यालो. आपण मेलोच असू आणि सगळ्यांना ठाऊक असून आपल्यालाच कुणी सांगितलं नसेल, असं वाटायला लागलं.

“दूध डालो,” वरून साहेबांचा आवाज आला.

आत्यानं घागर उचलली. मला वाटलं, ओंजळभर शिंपडेल. पण बाई आता थांबण्याच्या पलीकडं गेल्या होत्या! धार माझ्या डोक्यावर पडली, कानांतून वाहिली, मांडीवरून मातीत मुरली. माझ्या पोराचं दूध, धरणी घटाघट पीत होती! मला राहवलं नाही.

“आत्या, थोडं तरी ठेवा की!” मी ओरडलो.

 आभाळाच्या कडेची सगळी तोंडं एकदम नाहीशी झाली. साहेब पळाले, शिपाई पळाला. ते ठीक. पण माझ्या कपाळाला स्वतः भस्म लावणारे काका सर्वांत पुढं होते, आणि आत्या घागरीसकट! मला वर यायला हात द्यायलाही कुणी थांबलं नाही.

त्या दिवसापासून भर दुपारी नाक्यावर थांबायला एकही शिपाई तयार होईना. बाराच्या ठोक्याला नाका ओस पडायचा, आणि वस्तीचं दूध बिनबोभाट ओढा ओलांडायचं. दोन सरकारांना जमलं नाही ते माझ्या भुतानं केलं, सोलापूरचा चहा पुन्हा पांढरा झाला.

पण ते दुसऱ्या दिवसापासून. त्या दिवशी मी भस्म, हार आणि चिखल घेऊन उन्हातून कोसन्‌कोस चालत राहिलो. (मला टांग्यात घेणार कोण!) तिन्हीसांजेला सासऱ्यांच्या दारात उभा राहिलो. सासूबाई दिवा लावत होत्या. त्यांनी मला बघितलं आणि दिव्यासकट खाली बसल्या.

पारू बाळाला घेऊन बाजेवर होती. ती भ्याली नाही. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. बाळ आपल्या मुठी चोखत होतं. ते बघून मला रडूच आलं.

“दूध?” तिनं विचारलं.

मी डोक्याकडं बोट दाखवलं. तिनं जवळ बोलावलं, माझ्या केसांत बोटं घातली आणि वास घेतला.

“दही झालंय,” ती म्हणाली. “उद्या दूध आलं तर इरजणाला व्हईल. तवर डोकं धुऊ नका.”

माझं डोकं कुणाच्या उपयोगी पडण्याची एवढीच वेळ आली.