काशिनाथकाकांनी सोडलेलं शेपूट

“ए कॉलेज, खाली अजून टपकतंय!” युसुफशेठ जिन्याखालून ओरडले.

मी वर संडासात, फ्लशच्या टाकीशेजारी उकिडवा बसलो होतो. हातात पाना होता, पण धीर नव्हता.

बाबा प्लंबर. त्यांचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी आलो होतो. तेव्हा मी एफवायबीएस्सीला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. निजामपुऱ्यातलं हे घर म्हणजे बाबांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. खाली शेठचे कापड विणायचे लूम, वर त्यांचं बिऱ्हाड. वरचं पाणी एका लूमच्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, पडत होतं. तो लूम सकाळपासून बंद होता.

“जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतो,” शेठनी बजावलं होतं. “नाही जमलं तर दुसरा प्लंबर बोलावून लादी फोडतो. तुझ्या अब्बांना सांग, राग नको.”

राग कसला? ते घर आमच्या हातून गेलं असतं.

टाकीत पाणी एका बारीक नळीतून येतं. तिला कनेक्शन पाईप म्हणतात. तिच्या टोकाचा नट टाकीला बसतो. गळती थांबवायला त्या नटावर कुणीतरी मूठभर सूत गुंडाळलं होतं.

“म्या बांधलंय,” दारातून काशिनाथकाका म्हणाले. ते शेठचे लूम दुरुस्त करणारे जॉबर, अकलोली गावचे. “माझी गाठ सुटत न्हाय.”

बाबांना लोखंडी पाईपच्या आट्यांवर सूत लावताना मी पाहिलं होतं. म्हणून मीही वरून चार वेढे दिले आणि नट आवळला. त्यावरच शेठची हाक आली होती.

“गाठ सुटली न्हाय,” काका म्हणाले, “पानी सुटलं.”

“काका, बहुतेक टाकीलाच तडा असेल.” मला खात्री नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

मग बाबांचं आठवलं: आधी पुसून कोरडं कर, मग बघ. फडक्याने टाकी पुसली. खाली वर्तमानपत्र पसरलं. पाच मिनिटं थांबलो. टाकी कोरडी, पेपर कोरडा. खाली टपकणं चालूच!

तेव्हा सुताचं टोक दिसलं. दोन हात लांब, पाईपला चिकटून, स्लॅबच्या भोकातून खाली गेलेलं. चिंब ओलं.

“काका, हे शेपूट कशाला सोडलंत?”

“सोडावंच लागतं. धागा तुटला तर जोडायचा कशासंगं?”

लूमवर ते बरोबरच होतं. इथे मात्र नटातून झिरपणारं पाणी ते सूत दिव्याच्या वातीसारखं ओढून थेट लूमवर पोचवत होतं. कॅपिलरी अ‍ॅक्शन. परीक्षेत मी त्याचं उत्तर लिहिलं होतं, वातीचं चित्रही काढलं होतं. समोर असताना तासभर ओळखलं नाही.

कॉक बंद केला. टाकी रिकामी केली. सगळं सूत ब्लेडने कापलं, माझे चार वेढेही. नट उघडला. आतला रबरी वायसर कडक होऊन चिरला होता. इथे पाणी अडवतो तो वायसर, आटे नाहीत. पिशवीतला नवा वायसर बसवला. नट हाताने घट्ट केला, पान्याने फक्त पाव फेरा. कॉक उघडला. आता पाणी ओढून न्यायला सूत नव्हतं, तरी पेपर कोरडा राहिला.

“शेठ, आता बघा!”

थोड्या वेळाने बंद लूमची खटखट सुरू झाली. मग शेठ ओरडले, “मिस्त्री, चहा पिऊन जा!”

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. “हे कॉलेजात शिकवतात?”

“शिकवतात. पण वातीचं उदाहरण देतात.”

“मग सरांना काशिनाथचं सांग.”

तेव्हापासून माझ्या पिशवीत पान्याच्या वर फडकं असतं. आणि काशिनाथकाका भेटले, की आधी त्यांच्या हातात सूत नाही ना, ते बघतो.