तीन किल्ल्या आणि बिनकुलपाचं घर

नवीन लग्न झालेलं, कचेरीत कारकुनी नुकतीच लागलेली आणि म्हैसुरात राहायला घर नाही. मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ एक वयस्क गृहस्थ पाटी लावून घरं भाड्यानं मिळवून देत. पण आमचे मामा महाराजांच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पाटीवाल्याकडे कशाला? मी माणूस चेहऱ्यावरून ओळखतो."

त्यांनी ओळखलेला माणूस खरोखर देखणा होता. जरीचा पेटा, कपाळी गंध, मधाळ बोलणं. त्यानं घर रस्त्यावरूनच दाखवलं. म्हणाला, आत पूजा चालली आहे. मामांना त्याची धार्मिकता फार आवडली. आगाऊ भाडं देऊन आम्ही किल्ली घेतली. मी पावतीचं नाव काढताच मामा म्हणाले, "सभ्य माणसाचा अपमान करतोस?"

मुहूर्त बघून सामान नेलं, तर दारात आधीच दोन बैलगाड्या उभ्या. एकीत पाळणा, दुसरीत तांदळाची पोती. तिन्ही कुटुंबांकडे किल्ल्या होत्या. दाराला मात्र कुलूप नव्हतं, कारण मालकीणबाई आतच राहत होत्या.

"यारु बेकु? कोण हवंय?" त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो पेटेवाला? परवा पाणी मागायला आला होता. पुण्य म्हणून दिलं."

त्यांनी आम्हालाही पाणी दिलं. माझी बायको गाडीतून शांतपणे म्हणाली, "मामा, आता पाटीवाल्यांकडे जाऊ या."

त्या गृहस्थांनी माझा नेमणुकीचा कागद मागितला, ओळखीच्या दोघांचे पत्ते विचारले. मामा तडकले. "आम्ही चोर वाटतो का?"

"वाटत नाही. पण नुसत्या वाटण्यावर मला धंदा करता येत नाही."

मग त्यांनी एक घर दाखवलं, खोली न् खोली. पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे, चैत्रात विहीर तळाला जाते, हे आपणहून सांगितलं. मामा माझ्या कानात पुटपुटले, "हा उपाशी मरणार." घरमालकालाही खरेदीखत घेऊन बोलावलं होतं. करारनामा दोनदा वाचून झाल्यावरच सह्या झाल्या. मामा पडेल चेहऱ्यानं साक्षीदार झाले.

त्याच वर्षी दसऱ्याला मालकाचा निरोप आला, पंधरा दिवस घर रिकामं करा, पाहुणे येणार आहेत. दसऱ्यात म्हैसुरात गोठ्यालासुद्धा भाडेकरू मिळे, त्यामुळे पाहुणे कसले ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी घाबरून सामान बांधायला निघालो. बायकोनं पेटीतून करारनामा काढला आणि मालक आले तेव्हा त्यांच्यापुढे ठेवला. दोन महिन्यांची सूचना दिल्याशिवाय घर सोडायला सांगता येणार नव्हतं.

मालकांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "हे मी विसरलोच होतो," ते म्हणाले, आणि पान खाऊन गेले.

त्या घरात आम्ही नऊ वर्षं राहिलो. थोरली मुलगी तिथेच झाली.