रंध्याच्या मशीनला गंज चढला तेव्हा

हे पडले तेव्हा मशीन चालूच होतं. मी पडवीत भाताचं बियाणं पाखडत होते. रंध्याच्या मशीनवर लाकूड असलं की आवाज जाड येतो, नसलं की नुसती बारीक शिट्टी वाजते. ती शिट्टीच वाजत राहिली. मशीन एवढा वेळ हे कधी मोकळं फिरू देत नसत, म्हणून मी मागच्या शेडात गेले. हे भुशात पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी आधी बटण बंद केलं की आधी ह्यांच्याकडं धावले, ते काही केल्या आठवत नाही.

शेजाऱ्यांच्या जीपमधून नसरापूर, तिथून रुग्णवाहिकेनं पुणे. जीव वाचला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे एक शब्द तेवढा राहिला होता, 'व्हय'. पाणी पाहिजे असलं तरी व्हय, नको असलं तरी व्हय.

ह्यांना घेऊन वेल्ह्याकडं परत आले तेव्हा पावसानं चांगलाच जोर धरला होता. आमच्याकडं पाऊस फक्त वरून पडत नाही. धुकं दारातून आत येतं आणि अंथरुणावर बसतं. डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, कपडे चुलीवर धरून वाळवावे लागतात. शेडाला तर दोनच बाजूंनी भिंती. ह्यांना खाटेवर टेकवलं, उशी सारखी केली आणि मी शेडात डोकावले.

मशीनला वरून दोन लांब सपाट पाट्या असतात, मधे पाती फिरतात. त्या पाट्यांवरून लाकूड ढकलायचं. पाट्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून ह्यांनी ते धूड टेम्पोत घालून आणलं होतं आणि घासून घासून असं केलं होतं की पाट्यांत छपराचा पत्रा आरशासारखा दिसायचा. त्यावर कुणी चहाचा ग्लास ठेवला की ओरडायचे, "उचल तो आधी!" आता ह्या पाट्या लाल झाल्या होत्या. पडले त्या दिवशीचा ओल्या लाकडाचा भुसा तसाच पडून होता. तो झाडला तर खाली काळपट लाल चट्टे. भुशानं पाणी धरून ठेवलं होतं.

पावसाळ्यात हे रोज संध्याकाळी तिथं काहीतरी पुसत बसायचे. काय लावायचे, ते मला माहीत नव्हतं. खाटेजवळ जाऊन विचारलं.

"अवो, मशीनला गंज चढलाय. काय लावू?"

"व्हय."

"डिझेल लावू?"

"व्हय."

"का गोडंतेल?"

"व्हय."

"का काईच नको लावू?"

"व्हय," म्हणाले, आणि डोळे भरून आले. डावा हात हवेत गोल गोल फिरवून काहीतरी दाखवत होते. मला वाटलं, पुस म्हणताहेत. मग वाटलं, जा म्हणताहेत.

मी भाजीचं तेल चोपडलं. दोन दिवसांत ते चिकट झालं, त्यावर भुसा आणि चिलटं बसली. मग ते खरवडून काढलं आणि सगळ्या मशीनवर निळा प्लॅस्टिकचा कागद टाकून सुतळीनं आवळून बांधलं. पावसाचा थेंब आत जाणार नाही अशी गाठ मारली. लावणी सुरू झाली होती, शेतात माणूस मिळत नव्हतं. सकाळी ह्यांचं सगळं उरकायचं, शेजारच्या काकूंना बसवायचं आणि गुडघाभर चिखलात उतरायचं, असं चाललं होतं. लावणी संपल्यावर कागद सोडला. आतून थेंब लोंबकळत होते. पाट्या गेरूनं सारवल्यासारख्या झाल्या होत्या.

मुलगी पुण्यात नोकरी करते. मोबाईलवर तिला सांगितलं, कागदाखाली सगळं लाल झालंय.

ती म्हणाली, "आई, तू बाबांकडं बघ ना. मशीनचं काय घेऊन बसलीस?"

"त्यांच्याकडंच बघतीये गं," मी म्हणाले. खरंच होतं ते. हे दिवसभर मान शेडाकडं वळवून पडायचे.

कामथडीला ह्यांचे एक मित्र आहेत, तेही सुतारकामच करतात. ते भेटायला आले. ह्यांच्याजवळ बसले, पाठीवरून हात फिरवला आणि मग मागे शेडात गेले. पाटीवर नख ओढून बघितलं, बाजूला पडलेला निळा कागद उचलला.

"वहिनी, कागद कुणी टाकाय सांगितला?"

"कुणी न्हाई, भावजी. मीच टाकला."

"आत घाम सुटतो. त्यापरीस उघडं बरं."

त्यांनी नांगरणीच्या टिलरचं डिझेल ओतलं, बारीक पॉलिश पेपर घेतला आणि एकाच दिशेनं घासत राहिले. लाल राड फडक्यानं निपटून घेतली, मशीनचं पातळ तेल लावून तेही पुसून टाकलं, वरून मेणबत्ती घासली. "सुती चादर टाका. रोज उचलून बघा. जरा लाल दिसलं की लगेच पुसा," म्हणाले. पाट्या पुन्हा चकाकल्या, पण चट्टे होते तिथं खड्डे पडले होते, देवीच्या व्रणासारखे.

मग आम्ही दोघांनी ह्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून शेडात नेलं. ह्यांनी डावा हात पाटीवर ठेवला आणि हळूहळू पुढं सरकवला. एका खड्ड्यावर बोट अडकलं. तिथंच ते फिरवत राहिले आणि एकाएकी हसायला लागले. हसू थांबेना. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, असं कधी हसू येईल, कधी रडू, त्याचा अर्थ लावू नका. भावजींना ते माहीत नव्हतं. ते उठून पावसात जाऊन उभे राहिले. मी ह्यांचं तोंड पदरानं पुसत राहिले.

श्रावण गेला, भादवा आला. रोज चादर उचलायची, पुसायचं, मेणबत्ती घासायची. सकाळी पुन्हा सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके. मी पुसायची आणि ते यायचे. एकदा बांधावरून घसरून माझी कंबर धरली, त्यातच झड लागली आणि वीजही गेली. आठवडाभर मला शेडापर्यंत जाता आलं नाही. खाटेवरून हे मला बघत होते, मी जमिनीवरून त्यांना. पुन्हा तिथं गेले तेव्हा गंज पात्यांपर्यंत पोचला होता.

दसऱ्याच्या सुमाराला मित्र पुन्हा आले. म्हणाले, "वहिनी, मशीनला काम पायजे. पाटीवरनं रोज लाकूड फिरलं तरच बीड राहतं. माझ्याकडं नेतो, चालवतो. ह्यांना बरं वाटलं की परत आणून बसवू."

मी ह्यांना विचारलं, "न्यायचं का?"

"व्हय."

"का न्हाई न्यायचं?"

"व्हय."

मित्र पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. शेवटी मीच म्हणाले, "न्या." टेम्पो आला, चार माणसांनी पहारी लावून मशीन चढवलं. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी हाक मारली, वळले नाहीत. रिकाम्या शेडात मी पेंढा रचला.

हिवाळ्यात हे काठी घेऊन अंगणापर्यंत चालायला लागले. काही शब्द परत आले. चहा, ऊन, मुलीचं नाव. एक दिवस म्हणाले, "मशीन?" मी सगळं सांगितलं. मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा सांगितलं.

होळीनंतर मी त्यांना मशीन दाखवायला कामथडीला घेऊन निघाले. नसरापूरपर्यंत एसटी, पुढं रिक्षा. मित्र फाटकापर्यंत आले, कपड्यांवरचा भुसा झटकत म्हणाले, "या, या. बघा कसं राखलंय." मी खाली उतरून हात पुढं केला. ह्यांनी डाव्या हातानं रिक्षाची दांडी घट्ट धरली.

"उतरा की. एवढ्या लांब आलो ना आपण?"

ह्यांनी आडवी मान हलवली. ह्या वेळी अर्थ कळला. मित्र आत गेले आणि मशीन सुरू केलं. आधी शिट्टी, मग लाकडाचा जाड आवाज. हे डोळे मिटून ऐकत राहिले. रिक्षावाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला हातानंच थांब म्हणाले. आत जावं की इथंच उभं राहावं, ते मला कळत नव्हतं. मी तशीच उन्हात उभी राहिले.