टणटणकाकांचा कान

टणटणकाकांनी आमच्या दाराची बेल कधी दाबली नाही. फाटकापाशी उभं राहायचं, पिशवीतून हातोडी काढायची आणि फाटकाच्या वरच्या पट्टीवर दोन ठोके द्यायचे. टण, टण. "बेल दाबली तर नुसती बेल वाजती, सूनबाई," ते म्हणायचे, "फाटक ठोकलं की फाटकाची तब्येत पण कळती." आमच्या फाटकाची तब्येत अशी बारा वर्षं रोज तपासली गेली. माझी कुणी एवढी विचारपूस केल्याचं मला आठवत नाही.

काका आमचे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले. होटगीला गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं ठोकत जायचं, हे त्यांचं काम. चाक शाबूत असलं तर खणखणीत वाजतं, तडा असला तर बद्द. अशी हजारो चाकं ऐकून ते घरी बसले. नोकरीतली हातोडी नोकरीत राहिली, पण हाताला चैन पडेना, म्हणून बाजारातून वीतभर लांबीची एक घेऊन आले. मग माठ, कलिंगडं, फरशा, दरवाजे, नव्या घरांच्या भिंती, कॉलनीत जे जे विकत घेतलं जाई ते काकांच्या ठोक्याखालून जाई. जुनी गाडी घ्यायची असली तर काकांशिवाय कुणी निघतच नसे. गाडीला ते हातोडीच्या दांड्यानं ठोकायचे, रंग उडू नये म्हणून दांड्याला पंच्याचं टोक गुंडाळून. अपघातात चेपलेला पत्रा पुट्टी भरून कितीही गुळगुळीत केलेला असो, काकांनी तो शोधला नाही असं झालं नाही.

"लोखंड खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "बोलतो त्यो मालक."

समोरच्या घरात मुलगी बघायला एक मुलगा झकपक मोटारसायकलवरून आला, तेव्हा काका सहज गेल्यासारखे गेले आणि पेट्रोलच्या टाकीवर दोन टिचक्या मारून त्याला म्हणाले, "गाडी मित्राची दिसती." मुलगा चहा न घेता बशीतले पोहे चिवडत बसला. गाडी खरोखरच मित्राची निघाली. टाकीच्या आवाजावरून मालकी कशी कळते हे कॉलनीला कोडं होतं, पण काकांच्या कानापुढे कोडी घालायची नसतात असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

त्यांची आणखी एक खोड होती. त्यांच्याशी पाठमोरं बोललेलं त्यांना खपत नसे. मी ओट्यापाशी उभी राहून काही म्हणाले की लगेच म्हणायचे, "तोंड हिकडं करून बोल की, सूनबाई. पाठ करून बोलणाऱ्यावर माझा इस्वास न्हाय." मला वाटायचं, जुनी माणसं, जुन्या रीती.

तर गेल्या वर्षी आम्हाला मोठी गाडी घ्यायची होती. सासूबाईंचे गुडघे असे, की बुटक्या गाडीत त्या बसत नसत, कोसळत. उतरताना त्यांना बाहेर काढायला आम्ही दोघं लागायचो आणि त्या आम्हालाच सूचना द्यायच्या. जेऊरला माहेरी जायचं म्हटलं की त्या आधी दोन दिवस रुसायच्या. अशात माझे यजमान, सुधीर, यांना एक जाहिरात दिसली. नवी पेठेत कापडाचं दुकान असलेले एक शेठ आपली उंच, सात जणांची गाडी विकत होते. अर्धी विजेवर, अर्धी पेट्रोलवर चालणारी. घरच्या प्लगला लावायची, बॅटरी भरली की गावातल्या गावात पेट्रोलचा थेंब लागत नाही. सुधीर आठवडाभर जेवताना तिच्याविषयीच बोलत होता. घरातली सगळी शिल्लक त्यात जाणार होती. आमचं म्हणून दुसरं काही मागे राहणार नव्हतं, तेव्हा सगळी भिस्त काकांच्या कानावर होती.

शेठ गोड माणूस. खरेदीला आलेल्या गिऱ्हाइकासारखं त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. "रोज चार्ज करतो बघा," ते म्हणाले, "पेट्रोलपंपवाला मला ओळखही देत नाही आता." मग अंगणात येऊन त्यांनी बटण दाबलं. आतल्या पडद्यावर दिवे लागले. काका पुढे झाले, बॉनेटवर कान टेकला, डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून उभे. चांगला मिनिटभर ऐकून काका सरळ झाले.

"इंजिन गोड हाय," ते म्हणाले. "लोण्यावानी चालतंय. जरा टॅपेट वाजतंय तेवढं."

शेठ आधी आमच्याकडे बघत राहिले, मग हसायला लागले. पोट धरून हसले. "अहो काका, इंजिन बंद आहे. गाडी आत्ता बॅटरीवर आहे. टॅपेट कुठलं वाजतंय?"

सुधीरनं आभाळाकडे बघितलं. मला काकांची दया यायला हवी होती, पण खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढे आधी आमची शिल्लक आली. ज्या कानाच्या जोरावर आम्ही आलो होतो, त्या कानाला बंद इंजिनातलं टॅपेट ऐकू आलं होतं.

काकांनी पंचा सोडला, झटकला, पुन्हा दांड्याला गुंडाळला. मग शेठच्या समोर जाऊन उभे राहिले. "बरं, मग बॅटरीचंच बघू. चार्जिंगची वायर कुटं हाय?"

शेठचं हसू ओठांवर राहिलं. डोळ्यांतून मात्र गेलं, ते मलाही दिसलं. डिकीतून एक पिशवी निघाली आणि पिशवीतून वायर. कारखान्यातून आली तेव्हा घातली होती तीच वेटोळी, त्यावर तोच कागदी पट्टा, न फाटलेला.

"रोज लावता व्हय?" काकांनी विचारलं.

"रोज म्हणजे... तसं रोजच."

"दावं रोज बांधलं तर त्याला बी पीळ पडतो, शेठ. ही तर अजून बाळंतिणीच्या खोलीत हाय." एवढं बोलून काका व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. "लावा आता प्लगला. भरू द्या. आमाला काय घाई न्हाय."

शेठ म्हणाले, कशाला उगीच खोळंबा. काका म्हणाले, खोळंबा कसला, चहा हाय की. तीन तास आम्ही तिथं बसलो. काकांनी दोनदा चहा घेतला, एक वाटी चिवडा संपवला, शेठच्या सुनेला माठ कसा निवडायचा ते सांगितलं. शेठ आत-बाहेर करत होते. शेवटी पडद्यावर बॅटरी भरल्याचं दिसलं, पुढे आकडाही आला, अठ्ठेचाळीस किलोमीटर. सुधीरचा चेहरा पुन्हा उजळला. हा माणूस आकड्याला लगेच भुलतो.

होटगी रस्त्याला निघालो. शेठ चालवत होते, सुधीर पुढे, मी आणि काका मागे. काकांनी चपला काढल्या आणि दोन्ही तळपाय गाडीच्या तळाला टेकवले. शेठनी भजनं लावली, जरा मोठ्यानंच. पाच-सात किलोमीटर झाले असतील. मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.

"लागलं," काका म्हणाले.

"काय लागलं?"

"इंजिन. आत्ता लागलं."

सुधीरनं वाकून पडद्याकडे बघितलं. बॅटरी तळाला गेली होती, गाडी पेट्रोलवर आली होती. शेठनी भजनाचा आवाज आणखी वाढवायला हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. परत येताना गाडीत फक्त भजन चालू होतं. शेठच्या घरी उतरल्यावर सुधीरनं हात जोडले आणि आम्ही रिक्षा केली.

रिक्षात काका आमच्या दोघांच्या मधे बसले होते. माझ्या डोक्यात ते टॅपेट वाजत होतं. मी मुद्दाम रस्त्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही ना?" पलीकडून सुधीर दचकला. काका शांत. दुकानांच्या पाट्या वाचत बसलेले.

मी वळले आणि तोच प्रश्न त्यांच्या तोंडासमोर विचारला.

"सात वर्सं झाली," ते म्हणाले. "लोखंडानं माझं पोट भरलं आन् कान खाल्लं. तोंडाजवळचं बोलणं ओठ बघून उमगतंय. बाकी समदं सामसूम."

"मग एवढ्या गाड्या? पुट्टी, चेपलेले पत्रे?"

"हातोडी गाडीला, डोळं मालकाला," काका म्हणाले. "माझा बाप सांगोल्याकडं मेंढरं विकत घ्यायचा. मेंढराला हात लावायचा, पण बघायचा इकणाऱ्याकडं. हात दुखऱ्या जागंवर गेला की मेंढरू गप ऱ्हातंय, मालक आवंढा गिळतोय. मी दार ठोकतो, मालक गप. चाकावरचा पत्रा ठोकतो, मालक आवंढा गिळतो. झालं की काम."

"आणि कलिंगडं?"

"कलिंगडाला तोंड न्हाय. इकणाऱ्याला असतंय की."

सुधीर इतका हसला की रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं. काका मात्र हसले नाहीत. "कॉलनीत बोलू नगं, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "कान गेला म्हटल्यावर मला कोण बोलवंल?" मी त्यांचा हात धरला. नाही सांगणार, अशी नुसती मान हलवली.

मी कुणाला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी आम्ही एका निवृत्त शिक्षकांची साधी पेट्रोलची गाडी घेतली. उंच, पण आठ वर्षं वापरलेली. त्यांनी आपण होऊन आम्हाला चार ओरखडे आणि एक गळकी नळी दाखवली. काकांनी हातोडी पिशवीतून काढलीसुद्धा नाही. "ह्याला काय ठोकायचं," म्हणाले. सासूबाई आता जेऊरला न रुसता जातात आणि वाटेत सुधीरला गाडी कशी चालवायची ते सांगतात.

गुपित फुटलं ते वेगळ्याच कारणानं. भाजी घेऊन येताना मागच्या रिक्षाचा हॉर्न काकांना ऐकू आला नाही. खरचटण्यावर निभावलं, पण पुण्याहून मुलगा आला आणि त्यानं सामान बांधायला घेतलं. काकांच्या कानात यंत्रही बसवलं. कॉलनीतल्या बायका निरोपाला आल्या, तेव्हा यंत्र काढून त्यांनी खिशात ठेवलेलं मी पाहिलं.

जायच्या दिवशी सकाळी फाटकावर टण, टण झालं. मी बाहेर आले. मुलगा पलीकडे गाडीत बॅगा भरत होता. रडायचं नाही, असं मी आणि सासूबाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं.

"बरं झालं, काका," मी म्हणाले. तोंड नीट त्यांच्यासमोर करून, एकेक शब्द सुटा. "तिथं नातवंडं आहेत, चांगले डॉक्टर आहेत. आमचं काय, आम्ही मजेत राहू. या फाटकालाही जरा विश्रांती मिळेल."

काकांनी हातोडी उचलली आणि फाटकावर शेवटचा एक ठोका दिला. ठोका फाटकावर होता, नजर माझ्या तोंडावर.

"फाटक खणखणीत हाय," ते म्हणाले. "मालकीण खोटं बोलती."