रिकामी तागडी

आमच्या रबाळ्याच्या कारखान्यात १९९४ साली डिजिटल मल्टिमीटर आला आणि तो माझ्या ताब्यात दिला गेला. मी मेन्टेनन्सचा सुपरवायझर, डिप्लोमावाला. मीटर कमरेला लटकवून मी असा हिंडायचो, की नव्या माणसाला मीच कारखान्याचा मालक वाटावा. सोबत आलेलं माहितीपुस्तक मी कपाटात कुलपात ठेवलं होतं, दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून. मीही ते वाचलं नव्हतं.

गोटीराम आमच्याकडे सहा वर्षं कंत्राटावर वायरमन होता. तळवलीचा, चाळिशीकडे झुकलेला, कमी बोलणारा. घरची शेती नव्या वसाहतीत गेली तेव्हा तो हे काम शिकला. त्याचा जोड इतका देखणा असायचा, की वर टेप गुंडाळायला जीव होत नसे. त्याला कायम करायचं घाटत होतं. मॅनेजरसाहेबांची अट एकच होती: नव्या शेडमधल्या चौदा मशिनांचं अर्थिंग त्यानं एकट्यानं करायचं आणि मी तपासून रिपोर्ट द्यायचा. मशिनपासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंतचा रोध एक ओहमच्या आत हवा.

पट्टी भिंतीपाशी, मशिनं लांब आणि मीटरच्या वायरी जेमतेम हातभर. मी अक्कल लढवली, एका वायरीला वीस मीटर बारीक वायर जोडली. पहिल्या मशिनला आकडा आला १.३. दुसऱ्याला १.३. चौदाव्यालाही तोच.

“गोटीराम, चौदाच्या चौदा फेल,” मी म्हणालो. आवाजात दुःख आणायचा प्रयत्न केला, पण माझ्या मीटरनं चूक पकडली याचाच आनंद जास्त होता.

दोन दिवस त्यानं एकेक जोड उघडला, पॉलिशपेपरनं घासला, पुन्हा आवळला. डबा तसाच घरी न्यायचा. आकडा हलला नाही. चौदा ठिकाणी एकच चूक एकसारखी कशी होईल, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडला असता. मला पडला नाही. तिसऱ्या दिवशी मी ‘काम सदोष’ असा रिपोर्ट वर पाठवून दिला.

दुपारी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “सायेब, एक इचारू? मीटरची रिकामी तागडी बगली काय?”

“म्हणजे?”

“आय म्हावरा तोलताना आदी दावते ना, तशी. ती लांब वायर आनि दुसरी पिन एकमेकाला टेकवा. मदी मशीन नको.”

त्याची आई भिमाबाई बोनकोड्याच्या नाक्यावर मासळी विकायची. मी कोपरखैरण्यात राहायचो आणि तिचंच गिऱ्हाईक. दर रविवारी कोळंबी घेण्याआधी मी तिला रिकामी तागडी उचलून दाखवायला लावायचो. “मला कुणी फसवू शकत नाही,” असं घरी बायकोला, सुमेधाला, वर ऐकवायचो.

मी टोकं टेकवली. आकडा आला ०.९. इतके दिवस मी मुख्यतः माझीच वायर मोजत होतो. मीटरवर नेमक्या याच कामाचं एक बटण होतं, मला ते दिव्याचं वाटायचं. टोकं टेकवून ते दाबलं, आकडा शून्यावर आला. मग पहिलं मशीन मोजलं, ०.४. चौदाही मशिनं पास.

आम्ही दोघं मॅनेजरसाहेबांकडे गेलो. “रिपोर्टमध्ये जरा तांत्रिक चूक राहिली,” मी म्हणालो.

“कोणाची?”

“मीटरची.”

गोटीराम दारात खाली मान घालून उभा होता. बोलला असता तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली.

“मीटरची नाही, माझी,” मी म्हणालो. “ह्याचं काम उत्तम आहे.”

त्याच आठवड्यात गोटीराम कायम झाला.

रविवारी मी नाक्यावर गेलो, या वेळी तागडीचं नाव न काढता. भिमाबाईनं आपणहून रिकामी तागडी उचलली आणि माझ्यासमोर धरली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

“नको गं, कशाला? माझा विश्वास आहे,” मी पुटपुटलो.

“नाय सायेब, नीट बगून घे,” ती म्हणाली. “माजा पोर दोन दिस जेवला नवता.”

मी खाली वाकून दोन्ही पारडी नीट बघितली.